ओरिजिन २०२५ : निर्णायक सामन्यात ब्लूजचा सहा क्रमांक कोण, आणि गोलकिक मारायची कोणी?

पॅरामॅटाकर (सिडनी) · २१ जून २०२५

नमस्कार मंडळी,

बुधवारी, १८ जूनला, 'स्टेट ऑफ ओरिजिन' या दोन ऑस्ट्रेलियन राज्यांमधल्या रग्बी लीग मालिकेच्या दुसऱ्या सामन्यात, पर्थच्या ऑप्टस स्टेडियमवर न्यू साउथ वेल्सने (म्हणजे ब्लूजनी) पाच ट्राय केले (ट्राय म्हणजे समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवणे), क्वीन्सलँडने चारच केले, आणि तरीही सामना क्वीन्सलँडने २६-२४ असा जिंकला. मध्यंतराला फलकावर २६-६ होते. उत्तरार्धात क्वीन्सलँडला एकही गुण मिळाला नाही. ब्लूजनी १८ गुण मिळवले आणि तेवढेही दोनाने कमी पडले. मालिका आता १-१ अशी आहे आणि तिसरा सामना ९ जुलैला इथे सिडनीत, होमबुशच्या अकॉर स्टेडियमवर आहे. संघ जाहीर व्हायला अजून काही दिवस आहेत, तेवढ्यात माझा अंदाज मांडतो आणि तुमचे मत विचारतो.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. रग्बी लीगमध्ये प्रत्येकी तेरा खेळाडू मैदानात असतात. चेंडू हातात असलेल्या संघाला सहा टॅकलची मुभा असते आणि सहाव्या टॅकलनंतर चेंडू समोरच्यांना द्यावा लागतो, म्हणून पाचव्या टॅकलनंतर बहुतेक वेळा किक मारली जाते. ट्रायचे ४ गुण, त्यानंतरच्या गोलकिकचे २. १९८० साली ब्रिस्बेनच्या लँग पार्कवर सुरू झालेल्या या मालिकेत खेळाडू आपल्या सध्याच्या क्लबच्या राज्याकडून खेळत नाही, तो मुळात जिथला आहे त्या राज्याकडून खेळतो. पेन हास वर्षभर ब्रिस्बेन ब्राँकोससाठी घाम गाळतो आणि ओरिजिनच्या रात्री निळी जर्सी घालून त्याच क्लबातल्या पॅट कॅरिगनच्या अंगावर धावून जातो. आयपीएलमध्ये एकत्र राहणारे दोघे रणजीत समोरासमोर यावेत तसाच हा प्रकार आहे, फक्त इथे अंगाला अंग भिडते.

आता मुद्द्यावर येतो. प्रशिक्षक लॉरी डेली यांच्यासमोरचा खरा प्रश्न सहा क्रमांकाचा, म्हणजे सात क्रमांकाच्या जोडीने चाली रचणाऱ्या खेळाडूचा आहे, असे मला वाटते. २८ मे रोजी ब्रिस्बेनमध्ये १८-६ असा जिंकलेल्या पहिल्या सामन्यात नेथन क्लिअरीच्या जोडीला मिचेल मोझेस होता. दुसऱ्या सामन्याआधी सरावात त्याची पोटरी दुखावली आणि जरोम लुआई आत आला. मोझेस तंदुरुस्त झाला, तर त्याला थेट परत घ्यावे असे माझे मत आहे, कारण पाचव्या टॅकलला दोन लांब किक मारणारे असले की बचाव करणाऱ्यांना कोणाच्या अंगावर धावायचे हे ठरवता येत नाही. पर्थला पूर्वार्धात सगळ्या किकचा भार एकट्या क्लिअरीवर पडला आणि क्वीन्सलँडचे खेळाडू वेळ न घालवता त्याच्यावर तुटून पडत राहिले.

दुसरा प्रश्न गोलकिकचा आहे. दोन सामन्यांत ब्लूजनी नऊ ट्राय केले आणि त्याला जोडून गोल मिळवले फक्त तीन. क्वीन्सलँडने पर्थला चारही ट्रायना गोल जोडला आणि वर एक पेनल्टी घेतली. जांघेच्या दुखापतीमुळे क्लिअरीला किक जपून मारावी लागते आहे, त्यामुळे हे काम विंगर झॅक लोमॅक्सकडे आले, आणि या मालिकेत त्याच्या पायाने साथ दिलेली नाही.

माझा संघ असा : फुलबॅक डायलन एडवर्ड्स, विंगवर ब्रायन टोओ आणि लोमॅक्स, सेंटरला लॅट्रेल मिचेल आणि स्टीफन क्रायटन, सहाला मोझेस, सातला क्लिअरी, पुढे हास, हूकर (नऊ क्रमांक, टॅकलनंतर जमिनीवरचा चेंडू उचलणारा) रीस रॉबसन, दुसऱ्या रांगेत लियम मार्टिन आणि अँगस क्रायटन, लॉकला कर्णधार आयझाया यो. उरलेल्या प्रॉपच्या (पुढच्या फळीतल्या जड खेळाडूच्या) जागेबद्दल माझे मन बनलेले नाही, कारण मिच बार्नेट गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर गेला आहे. मी पॅरामॅटाला राहतो आणि मोझेस व लोमॅक्स दोघेही आमच्या ईल्स क्लबचे आहेत, तेव्हा माझ्या मतात थोडा पक्षपात असणार हे आधीच कबूल करतो. तो कुठे आहे तेवढा दाखवून द्यावा.

---

मरून_मावशी (ब्रिस्बेन) · २१ जून २०२५

पॅरामॅटाकर, पक्षपात पहिल्याच वाक्यात आहे. "पाच ट्राय करूनही हरलो" हे सिडनीकरांचे चार दिवसांचे पालुपद झाले आहे. मध्यंतराला वीस गुणांनी मागे पडलेल्या संघाने गोलकिकचा हिशोब मांडावा, हे परीक्षेत अर्धा पेपर कोरा सोडून शुद्धलेखनाचे दोन गुण कापल्याची तक्रार करण्यासारखे आहे.

ब्लूजपेक्षा क्वीन्सलँडचे प्रशिक्षक बिली स्लेटर यांनी काय केले ते पाहायला हवे, असे मला वाटते. पहिला सामना हरल्यावर त्यांनी कर्णधारालाच वगळले. डॅली चेरी-एव्हन्स ३६ वर्षांचा, सात क्रमांकाचा खेळाडू, इतक्या वर्षांचा अनुभवी. आमच्या घरात त्या दिवशी जेवताना कोणी बोलले नाही. त्याच्या जागी पहिल्या सामन्यात राखीव असलेला टॉम डिअर्डन आला आणि कर्णधारपद कॅमरन मन्स्टरकडे गेले. वरवर पाहता हा मोठा जुगार होता, पण बारकाईने पाहिले तर स्लेटर यांनी मधला कणा फारसा हलवलेला नाही. हूकर हॅरी ग्रँट आणि मन्स्टर हे दोघे मेलबर्न स्टॉर्ममध्ये दर आठवड्याला एकत्र खेळतात, आणि डिअर्डन हा रुबेन कॉटर व जेरेमाया नॅनाय यांच्याबरोबर नॉर्थ क्वीन्सलँड काउबॉयजमध्ये खेळतो. म्हणजे नवा माणूस आला, पण त्याच्या दोन्ही हातांना ओळखीची माणसे होती. माझा अंदाज आहे की तिसऱ्या सामन्यात सहा, सात, नऊ आणि फुलबॅकला कॅलिन पोंगा या चार जागांना स्लेटर हातही लावणार नाहीत. रीस वॉल्शच्या नावाची इथल्या वर्तमानपत्रांत कितीही चर्चा होवो, जिंकलेल्या संघाचा फुलबॅक बदलणारा हा प्रशिक्षक नाही.

डावपेचांबद्दल दोन गोष्टी सांगते. लुआई सहाला राहिला, तर नॅनायसारख्या दुसऱ्या रांगेतल्या धिप्पाड धावपटूंना त्याच्या बाजूने पुन्हा पुन्हा पळवले जाईल. त्याला पाडण्यासाठी नव्हे, तर टॅकल करून करून दमवण्यासाठी, म्हणजे ब्लूजच्या हातात चेंडू येईल तेव्हा लुआईच्या पायांत जोर उरणार नाही. दुसरे म्हणजे, आमचा विंगर झेव्हिअर कोट्सच्या उडीचा उपयोग करून कोपऱ्यात उंच किक येतील. लोमॅक्सही उत्तम उडी मारतो, पण प्रत्येक वेळी उडी मारायची पाळी त्याच्यावर आली, तर तो धावायला कधी मिळणार?

राहिला सिडनीच्या मैदानाचा प्रश्न. २००८ चा निर्णायक सामना याच मैदानावर क्वीन्सलँडने १६-१० असा जिंकला होता आणि विजयी ट्राय स्लेटर यांचाच होता. २०१३ चा निर्णायक सामनाही इथेच आम्ही १२-१० असा जिंकला, तेव्हा समोरचे प्रशिक्षक लॉरी डेलीच होते. घरच्या मैदानाचे मला कौतुक सांगू नका. गेल्या वर्षी तुम्हीच ब्रिस्बेनला आमच्या सनकॉर्प स्टेडियमवर येऊन १४-४ ने मालिका नेलीत.

---

शिट्टी (ब्लॅकटाउन, सिडनी) · २२ जून २०२५

मी शनिवारी-रविवारी लहान मुलांच्या रग्बी लीग सामन्यांना पंच म्हणून उभी राहते, त्यामुळे माझे लक्ष खेळाडूंपेक्षा चेंडू कुठे ठेवला जातो याकडे जास्त असते. गोलकिकच्या चर्चेत एक गोष्ट दोघांच्याही नजरेतून सुटली आहे. ट्राय जिथे झाला, त्याच्या सरळ रेषेत मागे येऊन गोलकिक मारावी लागते. पर्थला टोओने तीन ट्राय केले आणि तो विंगर आहे. विंगर कोपऱ्यात ट्राय करतो, मग किक बाजूच्या रेषेवरून मारावी लागते, आणि ती जगातल्या कोणालाही अवघडच असते. म्हणजे "किक मारणारा बदला" हे उत्तर अर्धेच आहे. ब्लूजचे आक्रमण कडेने जाते आणि त्यांच्या गोलकिकचा भाव तिथेच वाढतो. खांबांच्या समोर, मधून एखादा ट्राय काढला असता, तर त्याची किक माझ्या बारा वर्षांखालच्या मुलांपैकी कोणीही मारली असती.

म्हणून माझा प्रश्न सहा क्रमांकापेक्षा हूकरचा आहे. मधून ट्राय कधी होतो? प्ले-द-बॉल (पाडलेला खेळाडू उठून पायाने चेंडू मागे ढकलतो ते) जलद होतो, टॅकल करणारे अजून उठत असतात, बचावाची रांग दहा मीटर मागे पोचलेली नसते, आणि हूकर जमिनीवरचा चेंडू उचलून थेट स्वतः पळतो तेव्हा. क्वीन्सलँडकडे ग्रँट आहे आणि तो हेच करतो. ब्लूजकडे रॉबसन चिवट आहे, टॅकलला खंबीर आहे, पण तो आधी पास देतो आणि मग पाहतो. कॉनर वॉटसनला राखीव बाकावरून विसाव्या-पंचविसाव्या मिनिटालाच आणावे, दमलेल्या प्रॉपच्या मधून पळू द्यावे, आणि रॉबसनला शेवटच्या वीस मिनिटांसाठी परत आणावे, असे मी करेन. आठ बदल हातात असतात आणि त्यातले दोन यावर खर्च करण्यासारखे आहेत.

गोलकिक मारणाऱ्याबद्दल : क्लिअरीची जांघ बरी झाली असेल, तर चर्चाच संपते. नसेल, तर स्टीफन क्रायटन का नको? त्याच्या पायाला दडपणाची सवय आहे. २०२२ च्या विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात जादा वेळेत ड्रॉप गोल (खेळ चालू असताना, चेंडू जमिनीवर टेकताच खांबांमधून मारलेली किक) मारून त्याने सामोआला इंग्लंडवर २७-२६ असा विजय मिळवून दिला होता आणि सामोआ प्रथमच अंतिम फेरीत गेली. त्या संघात टोओ आणि लुआईही होते. एका विंगरला ऐंशी मिनिटे उड्या मारायला लावायचे, लांब पळवायचे आणि धाप लागलेली असतानाच किकही मारायला सांगायचे, हे मला पटत नाही.

मरून मावशी, तुमच्या "अर्धा पेपर कोरा" या उपमेला मात्र माझ्याकडे उत्तर नाही.

---

कोपरारक्षक (सांगली) · २२ जून २०२५

मुलगी सिडनीला असते, म्हणून गेल्या हिवाळ्यात, म्हणजे तिथल्या हिवाळ्यात, या खेळाची ओळख झाली. मी बरीच वर्षे तालुक्याच्या कबड्डी संघाला शिकवले आहे. रग्बी लीगचे नियम मला अजून निम्मेच कळतात, म्हणून चूक दिसली तर शिट्टीताईंनी सरळ वाजवावी.

मला हा खेळ ओळखीचा वाटला तो पकडीमुळे. तीन माणसे एकाला धरतात, त्यात एक पायाला जातो, एक कमरेला आणि एक वरून झोपतो, जेणेकरून पडलेल्याला उठायला वेळ लागावा. आपल्याकडे चढाई करणाऱ्याला मध्यरेषेपासून लांब ठेवण्यासाठी साखळी जे करते, तेच हे करतात. फक्त त्यांना ते दर अर्ध्या मिनिटाने, ऐंशी मिनिटे करावे लागते. त्यामुळे पर्थचा सामना पाहताना मला प्रश्न पडला तो असा : २६ गुण करणारा संघ उत्तरार्धात शून्यावर कसा राहिला? पॅरामॅटाकर म्हणतात तसे ब्लूज चांगले खेळले हे खरेच, पण मला दिसले ते असे की क्वीन्सलँडच्या मधल्या माणसांना उठायला वेळ लागू लागला होता. कोपऱ्यातला गडी शेवटी चुकतो, पण चूक त्याच्या आधी मध्यरक्षकाच्या पायात झालेली असते. टोओच्या ट्रायांमध्ये मला हेच दिसले. मधल्या फळीला बाहेर सरकायला उशीर झाला, म्हणून कडेच्या माणसाला दोघांमधून एकाची निवड करावी लागली.

याचा अर्थ स्लेटर साहेब कणा हलवणार नाहीत हे मावशींचे म्हणणे मला मान्य आहे, पण पुढची फळी आणि राखीव बाक ते नक्की हलवतील. निदान एक ताजा, जड प्रॉप आणतील असे वाटते, आणि तोही असा, की ज्याला शिकवत बसावे लागणार नाही. निर्णायक सामन्याला नवशिक्या पुढे घालत नाहीत; जुना गडी गुडघा बांधून उतरवतात.

आता सहा क्रमांकाबद्दल. कबड्डीत मी एक नियम पाळत आलो आहे. डावा कोपरा आणि त्याच्या शेजारचा कव्हर, या दोघांना एकाच सामन्यात बदलायचे नाही. एक नवा चालतो, कारण जुना त्याला हाताने ओढतो. लुआई आणि क्लिअरी पेनरिथमध्ये वर्षानुवर्षे एकत्र खेळले असे मुलीने सांगितले. मग पोटरी दुखावलेल्या माणसाची वाट पाहत, पंधरवडाभर दोघांनाही अर्धवट सराव देण्यापेक्षा, लुआई खेळणार हे आजच ठरवून टाकावे. पोटरी हा फसवा भाग आहे. चालताना काही जाणवत नाही, पण उडी घेतली की दगा देतो. माझ्या एका चढाईपटूला मी अशाच घाईने उपांत्य सामन्यात उतरवले आणि पहिल्याच चढाईत तो मध्यरेषेवर बसला. त्याचे तोंड मला अजून आठवते.

---

पुणेरी_प्रश्न (पुणे) · २३ जून २०२५

वाचून बरीच माहिती मिळाली. एक शंका आहे. शेवटच्या मिनिटांत २६-२४ असा फरक असताना ब्लूजनी ड्रॉप गोल का मारला नाही? त्याचा एकच गुण मिळतो, म्हणून का?

---

शिट्टी (ब्लॅकटाउन, सिडनी) · २३ जून २०२५

साध्या ड्रॉप गोलचा एकच गुण मिळतो, हे बरोबर. पण २०२१ पासून चाळीस मीटरच्या रेषेपलीकडून मारलेल्या ड्रॉप गोलला दोन गुण मिळतात, म्हणजे बरोबरी झाली असती आणि सामना जादा वेळेत गेला असता. अडचण अशी की तेवढ्या लांबून मारायला जोरदार पाय आणि दोन सेकंदांची मोकळीक लागते, आणि क्लिअरीची जांघ दुखत असताना ब्लूजकडे असा दुसरा पाय मैदानात नव्हता. मोझेस असता, तर तो पर्याय होता. त्यामुळे पॅरामॅटाकरांच्या मोझेसच्या हट्टात तथ्य आहे, हे मी मान्य करते.

---

मरून_मावशी (ब्रिस्बेन) · २३ जून २०२५

कोपरारक्षक काका, तुम्ही नियम निम्मेच कळतात म्हणता आणि आमच्या दुखण्यावर नेमके बोट ठेवता! उत्तरार्धाबद्दल तुमचे म्हणणे मी काल रात्री पुन्हा सामना पाहून पडताळले. टीनो फासुआमालेआउई आणि कॉटर या दोघांनी पूर्वार्धात इतके टॅकल केले होते, की उत्तरार्धात त्यांच्या धावा दोन पावलांनी आखूड पडू लागल्या. २६-६ अशी आघाडी मिळाल्यावर आम्ही चेंडू सांभाळून खेळू लागलो आणि सहा टॅकलच्या प्रत्येक संचात शेवटी नुसतीच लांब किक मारून तो परत देत राहिलो. एडवर्ड्स आणि टोओ यांना किक परत आणायला इतकी मोकळी जागा मिळाली, की ते दर वेळी चाळीस मीटरच्या पुढेच पाडले गेले.

म्हणून मी माझ्या अंदाजात बदल करते. सिडनीत स्लेटर आघाडी घेतल्यावरही तोच खेळ चालू ठेवायला सांगतील आणि किक लांब न मारता उंच मारायला सांगतील, म्हणजे आमची माणसे चेंडूखाली पोचतील आणि एडवर्ड्सला उभ्या उभ्या पाडता येईल. हमिसो टबुआइ-फिडोचा वेग उत्तरार्धात राखून ठेवण्यासारखा आहे. पर्थला तो शेवटी नुसताच बचावात अडकला होता. पहिल्या सामन्यात पदार्पण केलेला रॉबर्ट टोइया याच मोसमात प्रथमश्रेणीत आलेला आहे. तो सिडनी रूस्टर्सचा आहे, म्हणजे हे मैदान त्याच्या घराजवळचे आहे. त्याला बदलतील असे मला वाटत नाही, पण त्याच्या शेजारचा विंगर बोलका असावा.

आणि काका, जुना गडी गुडघा बांधून उतरवण्याची कल्पना ब्रिस्बेनला फार आवडण्यासारखी आहे. १९८० च्या पहिल्या सामन्यात आमचा कर्णधार आर्थर बीटसन ३५ वर्षांचा होता. तो सामना क्वीन्सलँडने २०-१० असा जिंकला.

---

पॅरामॅटाकर (सिडनी) · २४ जून २०२५

सर्वांचे आभार. मी मोझेससाठी आलो होतो आणि परत जाताना माझ्या यादीत तो नाही, हे लिहिताना जीवावर येते आहे.

कोपरारक्षक साहेबांचा शेजारचा-कव्हर हा मुद्दा मला मान्य करावाच लागतो. २०२१ ते २०२४ अशी सलग चार विजेतेपदे मिळवणाऱ्या पेनरिथ संघात क्लिअरी उजवीकडून आणि लुआई डावीकडून खेळायचे. लुआई या मोसमात वेस्ट टायगर्सकडे गेला असला, तरी डावीकडची त्याची आणि टोओची समज अजून तशीच आहे, हे पर्थच्या उत्तरार्धात दिसलेच. मोझेसला घेतले, तर किकचा भार वाटला जातो, पण डाव्या बाजूची ही जोडी तुटते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी मिळत नाहीत. मी जोडी निवडतो आणि क्लिअरीवरचा ताण कमी करायला दुसरा उपाय सुचवतो : पाचव्या टॅकलला चेंडू दर वेळी क्लिअरीकडे न देता, मधून तीन-चारदा रॉबसनने किंवा वॉटसनने जमिनीलगत छोटी किक मारावी, म्हणजे क्लिअरीवर धावून येणाऱ्यांचे पाऊल क्षणभर अडखळेल. मोझेस पूर्ण बरा झाला, तरी त्याला बाकावर ठेवण्यात अर्थ नाही. बाकावरची जागा वॉटसनला हवी.

गोलकिक : आधी क्लिअरी, नाहीतर स्टीफन क्रायटन. लोमॅक्सला मी या कामातून मुक्त करतो. त्यालाही बरे वाटेल.

मावशी, नॅनायला लुआईवर पळवाल, हे ठाऊक असल्यामुळे लुआईच्या आतल्या बाजूला अँगस क्रायटनला ऐंशी मिनिटे उभे ठेवावे लागेल. म्हणजे दुसऱ्या रांगेत बदली माणूस फक्त मार्टिनसाठी उरतो. मग बाकावर दुसऱ्या रांगेतल्या हडसन यंगची गरज आहे का, की त्या जागी तिसरा प्रॉप घ्यावा, यावर मी अडलो आहे. कोपरारक्षक साहेब, तुम्ही काय कराल?

---

कोपरारक्षक (सांगली) · २४ जून २०२५

तिसरा प्रॉप घ्या. माझ्या मुलीचे मत वेगळे आहे. यंग दोन्ही कामे करतो असे ती म्हणते. पण समोरच्यांची मधली फळी उत्तरार्धात दमते, हे तुम्ही एकदा पाहिले आहे. तुमच्या बाकावर तीन ताजे जड गडी असतील आणि साठाव्या मिनिटाला त्यांना एकामागोमाग आत सोडाल, तर शिट्टीताई म्हणतात तो खांबांसमोरचा ट्राय तिथेच होईल, आणि मग किक कोण मारतो याने फारसा फरक पडणार नाही. फक्त पूर्वार्धात वीस गुण देऊ नका.